दोन चुलींचा कोळसा

आमच्या खात्याच्या माणसाला गावात कुणी मनापासून 'या' म्हणत नाही. मी जमिनी मोजतो. मूळचा लातूरकडचा, नाव शैलेश, पण इथे मला सगळे 'मोजणीसाहेब' म्हणतात. गेली सात वर्षं मुळशी तालुक्यात आहे. इथे गुंठ्याला सोन्याचं मोल आलंय, त्यामुळे मी मशीन खांद्यावर टाकून शेतात शिरलो की एका बाजूचा माणूस चहा आणतो आणि दुसऱ्या बाजूचा वकिलाला फोन लावतो. माझाही स्वभाव काही गोड नाही. माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, असं मी नव्या लोकांना शिकवायचो. जांबे गावच्या कोंडिबाआबांनी माझं हे शहाणपण उतरवलं, तेही स्वतःच्या खोलीची फरशी फोडून. तीच हकीकत सांगतो.

आबांची पहिली भेट उरवड्यात झाली. दोन चुलतभाऊ, मधे एक बांध, आणि पलीकडे कारखान्याचं कुंपण येऊ घातलेलं. बांध कुणी कोरला यावरून दोघं सकाळपासून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. माझं मशीन एक सांगत होतं, जुना नकाशा दुसरंच. शेवटी कुणीतरी म्हणालं, "लाटसायबांना आना." मला वाटलं कुणी वरचा अधिकारी येतोय. मी शर्ट खोचला. तासाभराने मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून एक काटकुळा म्हातारा उतरला. पायजमा, टोपी, पायात रबरी चपला. त्याने माझ्या मशीनकडे पाहिलं.

"ह्ये काय सायेब, छत्री कुटं गेली? नुसता दांडाच आनलाय व्हय?"

लोक हसले. मी तापलो. पण आबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते एका धोंड्यावर बसले आणि म्हणाले, "बसा समदी. आदी गोष्ट."

आबांचा हा नियम तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होता. हद्दीचा जुना दगड दाखवण्याचे ते पैसे घेत नसत, पण आधी लाटसाहेबाची, म्हणजे इंग्रज गव्हर्नराची, गोष्ट ऐकावी लागे; त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं होतं. शिव्या देणाऱ्या चुलतभावांनाही शेजारी शेजारी बसून ऐकावी लागली. ती गोष्ट मी पुढे निदान तीस वेळा ऐकली, म्हणून मला पाठ आहे.

"पेशवाई बुडाली, गोऱ्यांचं राज्य आलं," आबा सुरू करायचे. "त्यांनी पयली मोजणी केली. मोजनारं कारकून चावडीत बसून रान मोजायचं. ज्यानं कोंबडं दिलं त्याचं रान आखूड, ज्यानं न्हाई दिलं त्याचं लांब. शेतसारा येवढा बसला की लोकं जात्यासकट कोकनात पळाली. जी ऱ्हायली त्यांच्या पाठीवर धोंडा द्यायचं आन् उनात उबं करायचं. मग मुंबईचा लाटसायेब सोता घोड्यावर बसून बगाया आला, की गावं ओस का पडली."

"नाव काय होतं त्याचं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"त्येचं नाव त्येच्या आईला ठावं. आमाला त्येचं काम ठावं."

तर हा लाटसाहेब मिसरूड फुटायच्या आधी बोटीने मुंबईत उतरलेला. कारकुनी केली, मराठी शिकला, मोडी वाचायला शिकला, आणि चढत चढत गव्हर्नर झाला. वाटेत त्याने पाठीवर धोंडा घेऊन उभा असलेला एक कुणबी पाहिला. खाली उतरला. विचारलं, तुझा गुन्हा काय? कुणबी म्हणाला, माझं रान तुमच्या कागदात मोठं आहे आणि इथे लहान आहे. साहेबाने साखळी मागवली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं टोक धरलं कुशाबाने. कुशाबा म्हणजे आबांचा खापरपणजोबा. दोघांनी भर उन्हात ते रान मोजलं, आणि कुणब्याचं खरं निघालं.

इथे आबा थांबायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. "मग त्यो चावडीत आला. समद्या गावाम्होरं, कारकुनांम्होरं, आपल्या मराठीत म्हनला, 'आमची मोजणी चुकली. परत मोजा.' आन् त्या कुनब्याच्या पाठीवरचा धोंडा त्येनं त्येच्याच बांदावर पुरायला लावला."

त्यानंतर नवी मोजणी झाली, तीस तीस वर्षं सारा वाढणार नाही असं ठरलं, पळालेली माणसं परत आली. लाटसाहेबाने गावोगाव शाळा काढल्या. म्हातारा होऊन विलायतेला गेला, तिथे त्याची नजर गेली, तरी दख्खनचा नकाशा मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत बसायचा. गोष्ट इथे संपते.

यातलं कागदावर किती आणि कुशाबाच्या पदरचं किती, देव जाणे. पहिली मोजणी फसली आणि ती पुन्हा करावी लागली, एवढं आमच्या खात्यात जुनी माणसं सांगतात. कुणी गव्हर्नर आमच्या तालुक्यात साखळी धरून उभा राहिल्याचं मी कुठेही वाचलं नाही. मी एकदा वैतागून म्हणालोही, "आबा, ते राज्य करायला आले होते. मोजणीसुद्धा वसुलीसाठीच होती. एवढं काय कौतुक?"

आबा म्हणाले, "असंल. त्येचं राज्य वाईटच. पर खुर्चीवरचा मानूस 'माजं चुकलं' म्हनलेला तुमी कितींदा बगितलाय?"

मी विचार केला. मला एकही आठवेना. माझ्या साहेबांपैकी तर कुणी नाहीच, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

तर उरवड्यात त्या दिवशी गोष्ट संपल्यावर आबा उठले, करवंदीच्या जाळीपाशी गेले, म्हणाले, "हितं खना." दीड हातावर दगड लागला. चुलतभाऊ लगेच ओरडायला लागले, की हा कुणी मागाहून पुरला असेल. "दगड लबाड आसतो," आबा म्हणाले, "त्येच्या खाली बगा." दगड काढला. खाली मूठ दोन मुठी कोळसा निघाला, वर खापराचे तुकडे.

"आमच्या कुशाबाची ही रीत. दगड बसवायच्या आदी दोनी घरच्या चुलीतला मूठ मूठ कोळसा खाली टाकायचा. दगड हालतो, झाड मरतं, मानूस खोटं बोलतो. कोळसा कुजत न्हाई, त्याला वाळवी लागत न्हाई, चोर त्यो नेत न्हाई. आन् दोगांच्या चुलीतला, म्हंजी उद्या कुनी म्हनाया नको की मला ठावं न्हवतं."

हे आमच्या कुठल्या नियमात नाही. पण पुढच्या काही वर्षांत आबांनी दाखवलेले एकोणीस दगड मी उकरले आणि एकोणीस वेळा कोळसा निघाला. मग मी खाली न खणताच माझ्या कागदांवर 'कोंडिबा यांनी दाखविलेल्या खुणेप्रमाणे' असं बिनदिक्कत लिहायला लागलो. माझ्या आधीचे लोकही तेच लिहून गेले होते.

एरवी आबा चारचौघांसारखे. शिक्षण चौथी. हिंजवडीत माळ होता तेव्हा तिथे म्हशी चारल्या, दूध घातलं. कंपन्या आल्या, दोन एकर गेले, जांब्यात उरलेल्या तुकड्यावर आठ खोल्या बांधल्या. खोल्यांत विदर्भातल्या, खानदेशातल्या नोकरदार पोरापोरींची वर्दळ. मुलगा शेखर एका कंपनीच्या बसगाड्यांचं बघतो, सून स्नेहल घर आणि खोल्या सांभाळते. भाडेकरूंनासुद्धा खोली दाखवायच्या आधी गोष्ट ऐकावी लागायची. पहिल्या खोलीतली गौतमी, नागपूरकडची, मला म्हणाली होती, "सर, मी तर ॲग्रीमेंटच्या आधी पूर्ण हिस्ट्री ऐकली, डिपॉझिट नंतर."

सगळा गाव ऐकायचा. ऐकायची नाही ती एकच बाई. खोल्यांच्या मागे बांधाला लागून सगुणाबाईंचं घर. नवरा विलास जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी वैष्णवी लग्न होऊन चाकणला. सगुणाबाई एकट्याच, दोन म्हशी आणि परसातली चूल सांभाळून राहायच्या. आबांनी "पेशवाई बुडाली" म्हटलं की त्या हातातलं काम टाकून उठायच्या आणि आत जायच्या. एरवी बोलायच्या, ताक पाठवायच्या, आबांना 'भावजी' म्हणायच्या. फक्त ती गोष्ट ऐकायच्या नाहीत.

कारण मला स्नेहलने सांगितलं. वीस वर्षांपूर्वी विलास म्हणायला लागला, की बांध सरकलाय, माझी जागा कमी भरतेय. आबा आणि तो लहानपणापासूनचे जिवलग. आबांनी त्याला त्या कोपऱ्यावरचा दगड दाखवला. तो दगड शेंदूर फासलेला, गावाचा म्हसोबा. कुशाबाने बसवलेला हद्दीचा दगडच पुढे देव झाला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. "म्हसोबा खोटा व्हय रं?" आबांनी विचारलं. गाव विलासला हसला. पंचांनी त्याला म्हसोबापुढे नारळ ठेवून सगळ्यांसमोर 'मी चुकलो' म्हणायला लावलं. तो म्हणाला. त्यानंतर तो आबांच्या ओट्यावर कधी बसला नाही. तसाच गेला.

मागच्या वर्षी जांब्यातला रस्ता रुंद करायचं ठरलं. सगुणाबाईंच्या घराचा पुढचा निम्मा भाग त्यात जाणार होता. मागे उरत होती ती जागा इतकी अरुंद, की तिथे घर बसत नव्हतं. म्हणजे बाईंनी म्हशी विकून लेकीच्या दारी जायचं. "लेकीच्या घरी पाव्हनी म्हनून दोन दिस बरी, मरस्तवर न्हाई," त्या मला म्हणाल्या. वैष्णवीने हद्दीच्या मोजणीचा अर्ज केला, कुठे हातभर जागा निघते का बघायला. नोटिसा निघाल्या आणि मी मशीन घेऊन गेलो.

आबांनीच मला सुरुवातीचे दोन दगड दाखवले. एक ओढ्याच्या काठचा, एक चिंचेखालचा. दोन्हींखाली कोळसा. या दोहोंवरून मी तिसरा कोपरा काढला, आणि काठी घेऊन चालत गेलो तो थेट आबांच्या पहिल्या खोलीच्या दारात. म्हसोबा तिथून अकरा फूट मागे, सगुणाबाईंच्या बाजूला.

मी परत मोजलं. पुन्हा तेच. चिंचेकडच्या टोकाला फरक शून्य आणि म्हसोबाकडे अकरा फूट, मधली पट्टी सुरीच्या पात्यासारखी, आणि त्या पात्यावर आबांच्या तीन खोल्या उभ्या.

लोक जमले होते. मी खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. हे अकरा फूट खरे असतील तर बाईंचं घर मागे सरकवून बांधता येत होतं. पण मग आबांचा शब्द खोटा, आणि त्यांच्या शब्दावर मी इतक्या वर्षांत लिहिलेले कागद? मी आबांना बाजूला घेतलं आणि जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते.

"आबा, जुना नकाशा आहे, कागद आकसतो, फरक येतो. म्हसोबाचा दगड धरून मी रेष ओढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

 तेवढ्यात सगुणाबाई पुढे आल्या. "सायेब, मशीनच बिगाडलं आसंल," त्या म्हणाल्या. "भावजींनी सांगितलंय म्हसोबा हद्दीवर हाय, तर हाय. आमच्या मालकांनी त्येच्याम्होरं नारळ ठेवलाय. आता पुना नको." आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यांच्याच घरावरून बुलडोझर जाणार होता आणि त्याच हद्द सोडून देत होत्या.

आबांचा चेहरा त्या वाक्याने बदलला. ते म्हसोबापाशी गेले, चपला काढल्या, हात जोडले. "देवा, जरा उट. तुज्या खाली बगायचंय."

गावात खळबळ. म्हसोबा हलवायचा म्हणजे काय! शेखर धावत आला. "आबा, कोळसा उगाळावा तेवढा काळाच. चाळीस वर्सांची वहिवाट हाय आपली. कोर्टात गेलं तरी आपनच जिकू. कशाला खनताय?"

"कोर्टात जिकशील रं. कुशाबाला काय सांगू?"

दगड हलवला. खाली खणलं. दीड हात, दोन हात, अडीच हात. लाल माती, मुरूम, मग नुसता खडक. कोळशाचा कण नाही.

आबा खड्ड्याच्या काठावर बसले.  मग ते स्वतःशी बोलावं तसं बोलायला लागले. त्यांची पंचविशी असेल, त्या साली ओढा उलटला होता. पाणी ओसरल्यावर म्हसोबा आडवा पडलेला, चिखलात तोंड खुपसून. आबांच्या जिवाला लागलं. देवाने चिखलात का उभं राहावं? त्यांनी दगड धुतला, शेंदूर लावला, उंच कोरडी जागा बघून तिथे नीट उभा केला आणि नारळ फोडला. चांगलं काम केलं म्हणून गावाने वाखाणलं. पुढे नांगर देवाला वळसा घालून फिरायला लागला, बांध देवाच्या मागे गेला, आणि बांधाच्या मागे आबांच्या खोल्या.

"देव म्हनून उचालला," आबा म्हणाले. "त्यो हद्दीचा बी दगड हाय ह्ये डोक्यातच आलं न्हाई. कोळसा तितंच ऱ्हायला खाली. आन् मी ईलासला... मी त्याला..."

 यात लबाडी नव्हती, आणि हेच मला सगळ्यात कठीण वाटलं. लबाड माणसाला पकडला की बरं वाटतं. इथे कुणाला पकडायचं? ज्याने चिखलातून देव उचलला त्याला?

मग आबा उठले आणि गौतमीच्या दारात उभे राहिले. ती घरूनच काम करत होती, कानाला हेडफोन. "पोरी, तुजा संसार जरा उचलावा लागतुया. फरशी फोडायची हाय." ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग आबांचा चेहरा पाहून तिने लॅपटॉप मिटला. स्नेहलने आणि तिने मिळून गॅस, भांडी, गादी आबांच्या घरात नेली. शेखर लांब उभा. ती फरशी त्याने स्वतः निवडून आणलेली होती. पहार आबांनी त्याच्याकडे मागितली, त्याने दिली नाही. सगुणाबाईंनीही दिली नाही. शेवटी मी माझ्या गाडीतली दिली. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं एवढंच एक चांगलं काम.

मी जागा दाखवली. आबांनी पहिला घाव स्वतः घातला, मग मजुरांनी खणलं. फरशी, सिमेंट, भराव, काळी माती. माती दमट होती. दोन हातांवर फावडं काळं होऊन वर आलं.

आबा खाली वाकले आणि ओंजळीत ते घेतलं. मातीत मिसळलेला कोळसा आणि खापराचे चार तुकडे.  ते खोलीबाहेर आले, थेट सगुणाबाईंच्या उंबऱ्यापाशी. ओंजळ तिथे रिकामी केली. देव हलवायचा म्हणून कुणीतरी आणलेला नारळ जवळच पडला होता, तो त्यांनी उचलला आणि बाईंच्या उंबऱ्यावर ठेवला. टोपी काढली. सगळा गाव बघत होता.

"ईलास," ते म्हणाले, जणू तो आत जेवायला बसला असावा, "ईलास, माजी मोजणी चुकली. मी चुकलो रं."

सगुणाबाईंनी पदर तोंडात धरला. मग एकदम त्यांचा बांध फुटला आणि त्या ओरडल्या, "आता म्हनताय? त्यो गेल्यावर? हंतरुणात पडल्या पडल्या म्हनायचा, सगुणे, मी खोटा न्हवतो गं! आता कुनाला सांगू मी?" आणि त्या आत गेल्या. दार लागलं. आबा उन्हात तसेच उभे राहिले. कुणी त्यांना 'या' म्हणेना, 'बसा' म्हणेना. मी जबाब लिहून आणला. त्यांनी सही केली, आणि सहीखाली अंगठाही उठवला. "सही बदलती," म्हणाले.

पुढे महिनाभर मला वाटलं, आता आबांना कोणी बोलावणार नाही. मी माझ्या परीने एक केलं. त्यांच्या शब्दावर लिहिलेले, पण खाली न खणलेले जेवढे कागद माझ्याकडे होते, ते काढले आणि वरिष्ठांकडे जाऊन म्हणालो, हे मला परत बघायचे आहेत. ते म्हणाले, तुम्ही चुकलात असं लेखी देताय? मी म्हणालो, हो. 

आणि महाळुंग्याहून निरोप आला. टॉवरच्या जागेवरून भांडणारे दोन पक्ष, एरवी कशावर एकमत होणार नाही असे. दोघांनी वेगवेगळे फोन करून मला सांगितलं, "ते जांब्याचे आबाच पायजेत. ज्यांनी आपल्याच घरात खनलं ते."

तीन खोल्या पाडल्या; त्या पट्टीवर सगुणाबाईंचं घर मागे सरकणार होतं. शेखर त्या महिन्यात बापाशी बोलला नाही. नव्या हद्दीवर दगड बसवायचा दिवस ठरला, तेव्हा रीत आठवून आबांची पंचाईत झाली. दोन्ही घरच्या चुलीतला कोळसा पाहिजे. सगुणाबाईंच्या परसात चूल होती. आबांच्या घरात गॅस येऊन जमाना झाला, चूल कुठून आणायची? "विकत आना की पिरंगुटातनं," कुणीतरी म्हणालं. आबांनी नुसती मान हलवली. आपल्या घरी जळलेलाच पाहिजे होता.

सकाळी आम्ही सगळे खड्ड्याभोवती उभे. सगुणाबाईंचं दार उघडं होतं, पण त्या बाहेर आल्या नव्हत्या. आबांच्या घरामागून धुराचा वास आला. थोड्या वेळाने शेखर आला, घमेल्यात विझवलेला कोळसा घेऊन. त्याने पाडलेल्या पहिल्या खोलीची चौकट जाळली होती. सागाची चौकट, त्यानेच हौसेने करून घेतलेली. घमेलं त्याने बापापुढे ठेवलं. "ह्यो घ्या. आपल्या घरचाच हाय," म्हणाला. महिन्याभरातलं ते पहिलं वाक्य. आबांनी त्याच्या दंडाला नुसता हात लावला.

आबांनी एक मूठ खड्ड्यात टाकली आणि थांबले. दुसरी मूठ ज्या घरची, त्या घराकडे बघत थांबले. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

मग सगुणाबाई आल्या. मुठीत कोळसा, पदराला राख लागलेली. त्यांनी मूठ खड्ड्यात सोडली, हात झटकले, आणि घरात न जाता तिथेच, बांधावर पडलेल्या जुन्या विटेवर बसल्या. दगड बसला, माती ओढली. म्हसोबाला शेजारी वेगळी जागा केली होती, तिथे शेंदूर लागला. लोक निघायला लागले.

"भावजी," सगुणाबाई म्हणाल्या, "गोष्ट न्हाई सांगितली आज."

 आबा खाली बसले. निघालेले लोकही बसले. "पेशवाई बुडाली," आबांनी सुरुवात केली. कारकून आले, कोंबडं आलं, जात्यासकट कोकणात पळालेली माणसं आली. सगुणाबाई हलल्या नाहीत. कुणब्याच्या पाठीवरचा धोंडा आला, साहेबाने आणि कुशाबाने साखळी धरली. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग लाटसायेब चावडीत आला. समद्या गावाम्होरं म्हनला..."

आणि तिथेच आबा अडले, नजर सगुणाबाईंच्या उंबऱ्याकडे गेली.  शेखर खाली बघत होता. मला पुढचं वाक्य पाठ होतं, पण ते मी म्हणायचं नव्हतं.

"'आमची मोजणी चुकली,' म्हनला," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "'परत मोजा.' म्होरं सांगा, भावजी. ऐकतीया मी."